सोमनाथ सूर्यवंशी: मोबाईलवरचा आवाज आणि आईची तक्रार

"जगात जर्मनी आणि भारतात परभणी" असे आपल्याकडे हसत म्हटले जाते. १० डिसेंबर २०२४ नंतर परभणीचे नाव देशभर घेतले गेले, पण त्यात हसण्यासारखे काही नव्हते. त्या दिवशी रेल्वे स्थानकाबाहेरील बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पाच दिवसांनी, १५ डिसेंबरला, कायद्याचे शिक्षण घेणारा पस्तीस वर्षांचा सोमनाथ व्यंकट सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला.

तेव्हापासून सोमनाथचा फोटो हजारो मोबाईलवर स्टेटस म्हणून झळकला. एका बाजूने तो "शहीद भीमसैनिक" झाला, दुसऱ्या बाजूने "दंगेखोर". रील्स बनल्या, गाणी बनली, एकमेकांना शिव्याही घालून झाल्या. या सगळ्यात दोन गोष्टी मागे पडल्या. सोमनाथ कोण होता, ही पहिली. त्याच्या मृत्यूबद्दल सरकारने जे सांगितले ते नेमके कशामुळे खोडले गेले, ही दुसरी. आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी यातली दुसरी गोष्ट नीट समजून घेतली नाही, तर पुढच्या परभणीत आपण पुन्हा फक्त पोस्ट टाकत बसू. म्हणून हा लेख.

घटना क्रमाने

१० डिसेंबरला विटंबना झाली. आरोपीला जमावाने जागेवरच पकडले. ११ डिसेंबरला परभणी बंदची हाक होती. बंदला हिंसक वळण लागले, दगडफेक आणि जाळपोळ झाली. त्यानंतर पोलिसांनी धरपकड केली आणि पन्नासच्या वर लोकांना अटक झाली. पोलीस बौद्ध वस्त्यांमध्ये शिरले, घरात घुसून बायाबापड्यांनाही मारहाण केली, असे आरोप रहिवाशांनी केले. त्या मारहाणीचे व्हिडिओ फिरले.

सोमनाथ या अटकेतला एक. आधी पोलीस कोठडी, १४ डिसेंबरला न्यायालयीन कोठडी आणि १५ च्या सकाळी मृत्यू. शवविच्छेदन परभणीत झाले नाही, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात झाले. प्राथमिक अहवालात मृत्यूचे कारण लिहिले गेले ते असे की अनेक जखमांनंतर आलेला शॉक. १६ डिसेंबरला परभणीत अंत्ययात्रा निघाली. त्याच दिवशी परभणीचे ज्येष्ठ आंबेडकरी नेते विजय वाकोडे यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. एका शहराने दोन दिवसांत दोन माणसे गमावली.

१८ डिसेंबरला सोमनाथच्या आई विजयाबाई यांनी पोलिसांविरुद्ध लेखी तक्रार दिली. ही तारीख लक्षात ठेवा. पुढची सगळी लढाई या एका तक्रारीवर उभी राहिली.

सोमनाथ कोण होता?

सोमनाथ वडार समाजाचा होता. अनेकांना हे अंत्ययात्रेनंतर कळले. "तो आपला होता का?" असा प्रश्न काही महाभागांनी सोशल मीडियावर विचारला. विरोधकांनी उलटा प्रश्न केला, "वडाराचे संविधानाशी काय देणेघेणे?"

उत्तर इतिहासात आहे. दगड फोडणारा, धरणे, रस्ते आणि घरे उभी करणारा हा समाज. महाराष्ट्रात तो विमुक्त जातींच्या यादीत आहे. विमुक्त म्हणजे कशातून मुक्त? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून. त्या कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले होते. माणूस काही करो न करो, पोलिसांच्या वहीत त्याचे नाव आधीच लिहिलेले. हा कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणजे संविधान लागू झाल्यानंतर अडीच वर्षांनी. संविधानाचे चौदावे आणि एकविसावे कलम वडार घरातल्या मुलासाठी पुस्तकी नाही. त्याच्या आजोबांच्या पायातली बेडी त्या संविधानामुळे तुटली. त्या घरातला मुलगा कायदा शिकतो यात नवल काय?

इथे एक कायदेशीर बाबही आहे, जी पोस्ट टाकणारे बहुतेक जण विसरले. शेजारच्या कर्नाटकात भोवी-वड्डर समाज अनुसूचित जातींत मोडतो, महाराष्ट्रात मोडत नाही. त्यामुळे "ॲट्रॉसिटी लावा" एवढी घोषणा देऊन सोमनाथच्या मृत्यूचे प्रकरण सुटणारे नव्हते. तिथे लढाई होती ती कोठडीतल्या मृत्यूची, खुनाच्या कलमाची. उलट संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेसारख्या प्रकरणात ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(टी) पाहावे लागते. अनुसूचित जाती-जमातींना पवित्र किंवा आदरणीय असलेल्या वस्तूची मोडतोड वा विटंबना हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. त्याच कायद्याचे कलम ३(१)(व्ही) दिवंगत आदरणीय व्यक्तीचा शब्दाने किंवा अन्य मार्गाने अनादर करण्याबद्दल आहे. बाबासाहेबांवर घाणेरडी पोस्ट टाकणाऱ्याविरुद्ध तक्रार लिहिताना हे कलम हाताशी पाहिजे. ही कलमे २०१५ च्या दुरुस्तीने आली आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. किती जणांना पाठ आहेत?

वाद आणि त्यांची उत्तरे

पहिला वाद मृत्यूच्या कारणाचा. २० डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी निवेदन केले. सोमनाथने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर मारहाण झाली नसल्याचे सांगितले होते, सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही, त्याला आधीपासून आजार होता, असा त्याचा आशय. त्याच वेळी कुटुंबाला दहा लाखांची मदत, न्यायालयीन चौकशी आणि एका पोलीस निरीक्षकाचे निलंबन जाहीर झाले.

आता विचार करा. आपल्या हातात फक्त सोशल मीडिया असता तर या निवेदनाला उत्तर काय होते? एक हॅशटॅग, दहा मीम आणि "खोटे बोलतात" अशी ओरड. सभागृहातले निवेदन अधिकृत आणि आपली ओरड अनधिकृत, असा सामना झाला असता. तो तसा झाला नाही, कारण शवविच्छेदनाचा अहवाल आधीच लिहिला गेला होता. शासकीय डॉक्टरांच्या सहीचा तो अहवाल होता. जखमा डॉक्टरांनी मोजल्या होत्या, आंदोलकांनी नाही.

दुसरा वाद चौकशीचा. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७६ व्या कलमात होती आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १९६ व्या कलमात आहे. परभणीत ती चौकशी झाली आणि अहवालात पोलिसांवर ठपका ठेवला गेला. पण कायदा चौकशी करा म्हणतो, चौकशीनंतर काय, हे स्पष्ट सांगत नाही. अहवाल येतो, फाईल बंद होते आणि गुन्हा नोंदवायचा की नाही हे पुन्हा पोलीसच ठरवतात. म्हणजे ज्याच्यावर संशय, त्याच्याच हातात पेन. ॲड. प्रकाश आंबेडकरांनी विजयाबाईंच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर नेमके याच पोकळीवर बोट ठेवले.

४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने विजयाबाईंच्या १८ डिसेंबरच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलै २०२५ ला तिथेही सरकारची याचिका फेटाळली गेली. स्वतःच्याच पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवायला लागू नये म्हणून सरकार दिल्लीपर्यंत गेले, ही बाब आपण विसरता कामा नये.

तिसरा वाद पैशाचा. दहा लाखांची मदत विजयाबाईंनी नाकारली. "घ्यायला पाहिजे होती, गरीब घर आहे" असे म्हणणारे आपल्यातही निघाले. हिशोब सोपा आहे. गुन्हा नोंदवायच्या आधी दिलेली मदत ही समेटाची भाषा बनते. कायद्याने मिळणारी नुकसानभरपाई हा वारसांचा हक्क आहे आणि तो गुन्हा नाकारून मिळत नसतो. शाळेत फारशी न शिकलेल्या कित्येक आया हा फरक जाणतात, आणि शिकलेसवरलेले आपण कमेंटमध्ये वाद घालत बसतो.

सोशल मीडियाने काही केलेच नाही का?

असे म्हणणे अन्यायाचे होईल. १० डिसेंबरच्या संध्याकाळी बातमी गावोगाव पोहोचली ती मोबाईलमुळे. वस्त्यांमधल्या मारहाणीचे चित्रण झाले ते मोबाईलमुळे. राज्यभरातून आवाज उठला नसता तर शवविच्छेदन, चौकशी आणि निवेदने एवढ्या लवकर झाली असती का, याची मला शंका आहे. २३ डिसेंबरला लोकसभेतील विरोधी पक्षनेते राहुल गांधी परभणीला आले, १७ जानेवारी २०२५ ला परभणीहून मुंबईकडे लाँग मार्च निघाला. या सगळ्याला मोबाईलचे बळ होते.

आणि आपल्याला स्वतःचे माध्यम का लागते, हे बाबासाहेबांनी १९२० सालीच सांगितले आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याची पैसे भरून द्यायची जाहिरातसुद्धा 'केसरी'ने नाकारली. मग 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. दुसऱ्याच्या छापखान्यात आपले दुःख छापले जात नाही, म्हणून आपला छापखाना. आजचा मोबाईल हा त्याच परंपरेतला आहे.

पण त्याच बाबासाहेबांचा दुसरा धडा आपण अर्धाच शिकलो. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे प्रत्येकाला माहीत आहे. त्या पाण्याचा खटला किती वर्षे चालला, हे किती जणांना माहीत आहे? डिसेंबर १९२७ मध्ये सनातन्यांनी दावा दाखल केला, तळे खाजगी आहे म्हणून मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, पण कोर्टाचा मनाई हुकूम मोडला नाही. ते लढले. तळे कोणाच्या मालकीचे, बंदीची वहिवाट खरोखर पुरातन आहे का, याचे पुरावे कोर्टात तपासले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. पाणी प्यायला एक दिवस, तो हक्क सिद्ध करायला दहा वर्षे. पहिल्या दिवसाचा आपण उत्सव करतो. त्या दहा वर्षांचा अभ्यास कोण करतो?

रमाबाई नगर आणि खैरलांजी: दोन धडे

परभणीशी सर्वात जास्त साम्य असलेली घटना ११ जुलै १९९७ ची. मुंबईत घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असे पोलिसांचे म्हणणे होते. न्या. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार अनावश्यक ठरवला. उपनिरीक्षक मनोहर कदम यांना २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, पुढे उच्च न्यायालयातून जामीनही झाला. तेव्हा ना व्हॉट्सॲप होते, ना फेसबुक. टिकले ते जखमींचे जबाब, गोळ्या कुठे लागल्या याची नोंद आणि आयोगासमोर पुन्हा पुन्हा हजर राहिलेली वस्तीतली माणसे.

दुसरी घटना २९ सप्टेंबर २००६ ची खैरलांजी. भंडारा जिल्ह्यात सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी कित्येक आठवडे या घटनेला जागा दिली नाही. ती जागा ई-मेल आणि ब्लॉगने भरून काढली. आपल्याच मुलांनी माहिती आणि छायाचित्रे देशात-परदेशात पाठवली, आणि नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र पेटला. आंबेडकरी चळवळीतला इंटरनेटचा पहिला मोठा वापर हा. सरकारकडून आंदोलनामागे नक्षलवादी असल्याची भाषा झाली, पण आवाज दबला नाही.

आवाज जिंकला, कागद मात्र हरला. पहिले शवविच्छेदन इतके ढिसाळ झाले की मृतदेह उकरून दुसऱ्यांदा करावे लागले. सुरुवातीचा तपास सैल राहिला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटीचे कलम टिकले नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली आणि जातीय द्वेषाचा मुद्दा तिथेही मान्य झाला नाही. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले, तेही न्यायाची वाट बघतच. जगाला माहीत होते की हा जातीय हत्याकांडाचा प्रकार आहे. निकालपत्रात मात्र तसे लिहिलेले नाही. पहिल्या आठवड्यात कागद बिघडला की नंतरचे लाखो मोर्चेकरी तो दुरुस्त करू शकत नाहीत.

खैरलांजी आणि परभणी शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे आवाज मोठा होता. परभणीत सुरुवातीलाच तीन कागद नीट झाले. शवविच्छेदन अहवाल, आईची लेखी तक्रार आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी. म्हणून सरकारच्या निवेदनाला न्यायालयात उत्तर मिळाले.

मोबाईलवरच्या कार्यकर्त्याची अडचण

आज आपल्या चळवळीत नवा कार्यकर्ता तयार झाला आहे. त्याच्याकडे संघटनेचे पद नाही, मोबाईल आहे. तो लाईव्ह करतो, व्हिडिओ टाकतो, अन्यायाची बातमी सर्वात आधी देतो. त्याला कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही. पण त्याच्यासमोर तीन धोके आहेत.

पहिला धोका गुन्ह्यांचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टसाठी अटक झाली. एकीने पोस्ट लिहिली होती, दुसरीने ती लाईक केली होती. त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमाविरुद्धची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. पण कलम गेले म्हणून कारवाई गेली नाही. समाजात तेढ निर्माण करणे, अफवा पसरवणे ही कलमे आज न्याय संहितेत १९६ आणि ३५३ म्हणून उभी आहेत. व्हिडिओ खरा असला तरी त्यावर लिहिलेल्या एका चिथावणीखोर ओळीने टाकणारा आरोपी होतो आणि मारणारा सुटतो. ग्रुप ॲडमिनबद्दल मात्र दिलासा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटले की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही. ॲडमिनला नुसती धमकी आली म्हणून ग्रुप बंद करू नका.

दुसरा धोका पुरावा वाया जाण्याचा. आम्ही तालुक्यांत तरुणांच्या बैठका घेतो तेव्हा एकच चित्र दिसते. प्रत्येकाकडे मारहाणीचा व्हिडिओ आहे, पण तो कोणी काढला हे कोणालाच माहीत नाही. व्हॉट्सॲपवरून दहादा फिरलेला, गाणे चिकटवलेला, वर कोणाचा तरी फोटो लावलेला. ज्याने मूळ काढला त्याने मेमरी भरली म्हणून पुसला. असा व्हिडिओ लोकांना रडवतो, न्यायालयात उभा राहत नाही.

इथे आपल्याच मराठवाड्यातला एक निकाल उपयोगी आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला का, यावर कैलास गोरंट्याल यांनी दावा केला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द ठरवली आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत देताना प्रमाणपत्र बंधनकारक आहे, पण समोरचे कार्यालय ते देतच नसेल आणि तुम्ही मागण्याचे सगळे प्रयत्न केले असतील तर त्यामुळे तुमचा पुरावा मरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आज ही तरतूद साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात आहे. आमदारकी जिथे व्हिडिओवर जाते, तिथे वस्तीतल्या मारहाणीचा व्हिडिओ का टिकू नये? टिकेल, पण मूळ फाईल, मूळ मोबाईल आणि काढणारा माणूस समोर असला तर.

तिसरा धोका आपल्यातल्या गटबाजीचा. परभणीनंतर कोण आधी पोहोचला, कोणाचा झेंडा पुढे होता, कोणी श्रेय घेतले यावर जेवढे लाईव्ह झाले, तेवढे अटकेतल्या पोरांच्या जामिनावर झाले का? अटकेत असलेल्याच्या घरात चूल पेटली का, हे विचारणारी पोस्ट कमी लाईक मिळवते. म्हणून ती टाकायची नाही का?

आता काय करायचे?

उपदेश पुष्कळ झाला. कामाच्या गोष्टी लिहून ठेवतो. कुठल्याही वस्तीत, कुठल्याही तालुक्यात उपयोगी पडतील.

अटक झाली की सर्वात आधी वेळ लिहा. कोणाला, कुठून, किती वाजता, कोणत्या ठाण्यात नेले. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे बंधनकारक आहे. अटकेची कारणे सांगणे, नातेवाइकाला कळवणे आणि वैद्यकीय तपासणी हे हक्क आहेत, कोणाची मेहेरबानी नाही. मारहाण झाली असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर बोलायचे, हे अटक होण्याआधीच प्रत्येक पोराला माहीत पाहिजे. सोमनाथच्या नावाने सभागृहात काय सांगितले गेले ते आठवा.

पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीसाठी लगेच लेखी अर्ज करा. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपण्याचा आदेश दिला आहे. उशीर झाला की "चित्रण उपलब्ध नाही" हे उत्तर ठरलेले. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर माहिती अधिकारात ४८ तासांत माहिती द्यावी लागते. अर्जात तसे स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

तक्रार घेतली नाही तर भांडत बसू नका. तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. पावती जपून ठेवा.

व्हिडिओ काढला तर मूळ फाईल पुसू नका, कापू नका, त्यावर गाणे लावू नका. वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवा. कोणी, कुठून, किती वाजता काढला हे त्याच दिवशी वहीत लिहा आणि वकिलाला दाखवा. अल्पवयीन मुले आणि पीडित स्त्रिया यांचे चेहरे सार्वजनिक करू नका. पोस्ट टाकायची तर घडलेले लिहा. शिवी लिहू नका. शिवीने मन मोकळे होते, पण समोरच्याच्या हाती गुन्हा लागतो.

आणि प्रत्येक तालुक्यात दोन-तीन मुले-मुली कायद्याला पाठवा. जिंतूर असो, पूर्णा असो, गंगाखेड असो. सोमनाथ स्वतः कायद्याचा विद्यार्थी होता. त्याच्या फोटोखाली मेणबत्ती लावणाऱ्या गावाने एका मुलीची कायद्याची फी भरली, तर ती त्याला खरी आदरांजली होईल.

सोमनाथच्या प्रकरणात गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळाला, म्हणजे न्याय मिळाला असे नाही. ती सुरुवात आहे. महाडला दहा वर्षे लागली, रमाबाई नगरला सत्र न्यायालयाच्या निकालापर्यंत बारा. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसले जाते. तारखेला कोर्टात जाणारी माणसे कमी पडली, तर खटलाही तसाच पुसला जाईल. विजयाबाई तारखेला जातील. त्यांच्यासोबत कोण जाणार, एवढे प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी ठरवावे.

जय भीम! जय संविधान!